बचावाची लढाई, मुख्यालय आणि योजना : इंदूरच्या मुलांनी आणि पालकांनी वारंवार विचारलेले प्रश्न

फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संपर्क सांभाळणाऱ्या शाखेत, माझी चोवीस वर्षं गेली. त्यातला मोठा काळ ब्रिगेड आणि डिव्हिजनच्या मुख्यालयांत तारा ओढण्यात, एक्सचेंज चालू ठेवण्यात आणि रात्री-बेरात्री तुटलेली लाइन हुडकत फिरण्यात गेला. अधिकारी नकाशावर जे ठरवत ते आमच्या तारेवरून पुढे जायचं, त्यामुळे योजना कशी तयार होते आणि कुठे अडकते हे जवळून बघायला मिळालं. निवृत्तीनंतर रामबागेतल्या घरी परतलो. फौजेची छावणी असलेलं महू इथून तासाभराच्या आत आहे, म्हणून इथल्या मराठी घरांतल्या मुलामुलींना फौजेची ओढ लवकर लागते. एनडीए, सीडीएस या अधिकारी भरतीच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं येतात, मागोमाग त्यांचे आईवडील येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. यात गुप्त काही नाही. उदाहरणं सगळी इतिहासात नोंदलेली आहेत.

काका, बचाव करायचा म्हणजे हल्ला करायची ताकद नाही हे कबूल करायचं, असंच ना?

जवळजवळ प्रत्येक मुलगा हे विचारतो, आणि का विचारतो तेही समजतं. आपल्या पोवाड्यांत चढाई असते, खंदक खणणारा माणूस नसतो.

सैन्य बचावाला बसतं त्याची कारणं वेगवेगळी असतात. एखादी जागा गमावून चालणार नसते. दुसऱ्या आघाडीवर जोर लावायचा म्हणून इथे कमी माणसांत भागवायचं असतं. शत्रूला पुढे येऊ देऊन त्याची माणसं, रणगाडे, दारूगोळा झिजवायचा असतो. पण या सगळ्यांच्या मुळाशी वेळ आहे. बचाव करणारा जमिनीच्या आणि घामाच्या बदल्यात वेळ मिळवतो, आणि त्या वेळेत दुसरीकडे कोणीतरी काहीतरी करणार असतं.

लोंगेवाला घ्या. १९७१ चा डिसेंबर, ४ आणि ५ तारखेमधली रात्र. राजस्थानच्या वाळवंटातल्या त्या ठाण्यावर २३ पंजाबची एक कंपनी होती, साधारण सव्वाशे माणसं, मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या हाताखाली. गस्तीवर गेलेल्या तुकडीला अंधारात रणगाड्यांची घरघर ऐकू आली. ठाणं सोडून मागे यायची मुभा चांदपुरींना होती, पण माणसं हलवायला गाड्या नव्हत्या आणि वाळूत पायी निघालेल्या कंपनीला रणगाड्यांनी उघड्यावर गाठलं असतं. त्यांनी थांबायचं ठरवलं. जैसलमेरच्या हंटर विमानांना अंधारात हल्ला करता येत नव्हता, म्हणजे कंपनीपुढचं काम एका वाक्यात मावणारं होतं : उजाडेपर्यंत टिकायचं. ठाण्याभोवतीची काटेरी तार बघून पुढे सुरुंग असणार या शंकेने शत्रूचे रणगाडे थबकले, आणि त्या थबकण्यात रात्रीचा मोलाचा भाग गेला. उजाडल्यावर विमानं आली आणि उघड्या वाळूत रणगाड्यांना लपायला जागा नव्हती. त्या रात्री कंपनीने शत्रूवर चढाई केली नाही. तिने सकाळ मिळवून दिली.

चांगला बचाव कशावरून ओळखायचा?

गड पाहिलेल्या मराठी माणसाला हे पटकन समजतं. पायथ्याचं मेट, मग वाटेवरच्या चौक्या, मग दरवाजा, माची, आणि शेवटी बालेकिल्ला. शत्रू एक फळी फोडून आत आला तरी पुढे दुसरी उभी असते. आजच्या भाषेत याला बचावाची खोली म्हणतात. १९४३ च्या उन्हाळ्यात कुर्स्कला रशियन सैन्याने एकामागे एक अशा अनेक फळ्या खणून ठेवल्या होत्या. जर्मन रणगाडे पुढच्या फळ्यांत शिरले, पण प्रत्येक फळीत झिजत गेले.

दुसरी खूण म्हणजे शेजाऱ्याची साथ. आपल्या मोर्च्यासमोरची जमीन शेजारच्या मोर्च्यातल्या मशिनगनच्या टप्प्यात असली पाहिजे, आणि त्याच्यासमोरची आपल्या. एकटं पडलेलं ठाणं कितीही शूर असलं तरी वेढलं जातं. १८ नोव्हेंबर १९६२ ला रेझांग ला इथे १३ कुमाऊंच्या चार्ली कंपनीचं तेच झालं. मध्ये आलेल्या डोंगरकण्यामुळे आपल्या तोफांचा मारा त्या खिंडीपर्यंत पोचू शकत नव्हता. मेजर शैतानसिंग आणि त्यांचे जवान तोफांच्या मदतीशिवाय लढले. ११४ जण तिथेच पडले. बर्फ ओसरल्यावर त्यांचे देह सापडले तेव्हा कित्येकांच्या हातांत शस्त्रं तशीच होती. मुलांना मी ही गोष्ट पराक्रमासाठी सांगतोच, पण पाठोपाठ नकाशावर ती डोंगराची धारही दाखवतो. ठाणं कुठे आहे एवढ्याइतकंच महत्त्वाचं हे, की तिथे मदतीचा मारा पोचतो की नाही.

तिसरी गोष्ट अडथळ्यांची. तार, सुरुंग, कालवा, खंदक हे शत्रूला थोपवत नाहीत, थोडा वेळ थांबवतात. तो थांबलेला असताना त्याच्यावर मारा झाला तरच त्या अडथळ्याचा उपयोग. ज्याच्यावर कोणाची नजर नाही आणि बंदूक नाही असा सुरुंगांचा पट्टा शत्रू रात्रीत साफ करून टाकतो.

आणि हाताशी राखीव दल हवंच. सगळी माणसं पुढच्या खंदकांत घालून टाकणारा कमांडर पहिल्या भगदाडानंतर बघत राहण्याखेरीज काही करू शकत नाही.

या सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी बघायच्या असतील तर १९६५ ची, पंजाबातल्या असल उत्तर गावाची लढाई बघा. मेजर जनरल गुरबक्षसिंगांची ४ माउंटन डिव्हिजन खेमकरणकडून मागे रेटली गेली होती. त्यांनी असल उत्तरभोवती घोड्याच्या नालेसारखी बचावाची रचना केली, रणगाडे आणि रणगाडे फोडणाऱ्या रिकॉइललेस तोफा उंच उसात दडवल्या, शेतांत पाणी सोडलं. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्या नालेच्या आत शिरले, चिखलात रुतले आणि बाजूंनी टिपले गेले. ४ ग्रेनेडिअर्सचे हवालदार अब्दुल हमीद याच लढाईत जीपवरच्या तोफेने रणगाडे उडवता उडवता पडले आणि मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी झाले. नष्ट झालेल्या आणि हाती लागलेल्या रणगाड्यांचा आकडा ९७ सांगतात. मला स्वतःला त्या आकड्यापेक्षा उसातलं पाणी जास्त मोठं वाटतं. फावडं आणि कालवा हाताशी असलेल्या माणसांनी ते केलं होतं.

होळकरांचा तोफखाना इतका नावाजलेला होता. महिदपूरला नदी पुढ्यात असूनही हार का झाली?

इंदूरच्या पोरांनी हा प्रश्न विचारला की मला बरं वाटतं, कारण उत्तर उज्जैनच्या पुढे क्षिप्रेच्या काठी आहे आणि एका दिवसात जाऊन जमीन डोळ्यांनी बघता येते.

२१ डिसेंबर १८१७. होळकरांची फौज क्षिप्रेपलीकडे तोफा मांडून उभी होती. सर थॉमस हिस्लॉप आणि जॉन माल्कम यांच्या इंग्रजी फौजेला उताराने नदी ओलांडूनच यायचं होतं. होळकरांच्या गोलंदाजांनी अचूक मारा केला. इंग्रजांकडचे मृत आणि जखमी मिळून जवळपास ८०० झाले, त्यांच्या मध्य हिंदुस्थानातल्या लढायांच्या मानाने ही संख्या मोठी होती. गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, संगिनी अंगावर येईपर्यंत ते तोफांपाशी होते. या माणसांना कोणी नावं ठेवली की मला सहन होत नाही.

मग गेलं कुठे? एक तर अडथळा आणि मारा यांचा मेळ पुरता बसला नाही. नदीच्या पात्रात उतरलेल्या फौजेला काठाचा आडोसा मिळतो. तिथे तिला सावरून रांगा लावायला वेळ मिळू द्यायचा नसतो. उताराच्या तोंडाशी जवळून मारा आणि लगेच घोडदळाचा उलटा हल्ला हवा होता. घोडदळ तर मैदान सोडून गेलं.

पण खरं दुखणं आदल्या दिवशीचं आहे. तुळसाबाई, ज्यांच्या हाती कारभार होता, त्या इंग्रजांशी बोलणी करतील या संशयाने फौजेतल्याच सरदारांनी लढाईच्या आदल्या दिवशी त्यांची हत्या केली. गादीवरचे मल्हारराव तेव्हा अकराएक वर्षांचे. म्हणजे तोफा मांडलेल्या आहेत, नदी आहे, माणसं आहेत, आणि घोडदळाला आत्ता नीघ म्हणून सांगणारा, ज्याचं सगळे ऐकतील असा एक माणूस नाही. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला, आणि त्याच वर्षी माल्कमने महूची छावणी वसवली. आज जिथे आपल्या फौजेचे अधिकारी लढाईचं नियोजन शिकतात ती छावणी या लढाईच्या निकालातून उभी राहिली आहे. महूच्या रस्त्यावरून जाताना हे मनात आल्यावाचून राहत नाही.

कमांड पोस्ट म्हणजे नेमकं काय असतं? सिनेमात मोठा पडदा आणि टेबल दाखवतात.

मी ज्या कमांड पोस्टमध्ये जास्त दिवस काढले ती जमिनीखालची, लाकडाच्या ओंडक्यांनी आणि वाळूच्या पोत्यांनी झाकलेली खोली होती. भिंतीला नकाशा, त्यावर पारदर्शक कागद, कागदावर आपल्या तुकड्या निळ्या आणि शत्रूच्या लाल पेन्सिलीने. दोन-तीन टेलिफोन, रेडिओ सेट, आणि एक वही. त्या वहीत आलेला-गेलेला प्रत्येक निरोप वेळेसकट लिहिलेला. नवीन मुलांना वही लिहिणं हे कारकुनी काम वाटायचं. पण रात्री तीन वाजता ड्युटी बदलते आणि नवा अधिकारी डोळे चोळत येतो, तेव्हा त्याला लढाई कुठवर आली ते ती वहीच सांगते.

कामं मोजकी असतात. चित्र ताजं ठेवायचं, कमांडरला निर्णयाला मदत करायची, निर्णय खाली पोचवायचा, वर कळवायचं, शेजाऱ्याला सांगायचं. शेजाऱ्याला सांगणं सगळ्यात जास्त राहून जातं.

मुख्यालय सहसा भागांत विभागलेलं असतं. मेन हेडक्वार्टरमध्ये लढाई चालते. मागे रिअर असतं, तिथे रसद, जखमी, दुरुस्ती, माणसांची बदली हे बघतात. आणि कमांडर पुढे जातो तेव्हा थोडी माणसं आणि सेट घेऊन जातो, त्याला टॅक हेडक्वार्टर म्हणतात. मेन उडालं तर कोण सूत्रं हाती घेणार हे आधी ठरलेलं असावं लागतं, आणि नुसतं कागदावर नव्हे. ज्याने घ्यायची त्याच्याकडे तोच नकाशा आणि तीच फ्रिक्वेन्सी पाहिजे.

कामाची वाटणी आपल्याला नवी नाही. शिवकाळात गडावर हवालदाराकडे हुकमत, सबनिसाकडे माणसांची हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे धान्य आणि दारूगोळा असे. आजच्या मुख्यालयात ऑपरेशन्स आणि इंटेलिजन्स बघणारे वेगळे, माणसांचं बघणारे वेगळे, रसदीचे वेगळे. तेव्हा या वाटणीमागे आणखी एक हेतू होता, एकट्या माणसाला फितुरी करून गड देता येऊ नये.

मुलाची पोस्टिंग मुख्यालयात झाली आहे. म्हणजे तो सुरक्षित आहे ना?

असं विचारणाऱ्या आयांना मी खोटं सांगत नाही. पुढच्या मोर्च्याच्या मानाने मुख्यालय मागे असतं हे खरं. पण शत्रूही त्यालाच शोधत असतो.

फेब्रुवारी १९४४ मध्ये बर्मातल्या आराकानात ७व्या भारतीय डिव्हिजनचं मुख्यालय जपानी सैन्याने हल्ला करून उधळून लावलं. सिग्नलवाले, कारकून, इंजिनिअर यांनी रायफली उचलून लढत दिली. डिव्हिजनचे कमांडर जनरल मेसर्व्ही जंगलातून वाट काढत सिंझवेयाच्या पुरवठा-तळावर पोचले आणि तिथून पुन्हा हुकमत सुरू केली. त्या तळालाच पुढे ॲडमिन बॉक्स म्हणू लागले. चहूबाजूंनी वेढलेल्या त्या तळावर गोदामवाल्यांपासून खच्चरवाल्यांपर्यंत सगळे लढले, विमानांतून रसद येत राहिली, आणि अडीचेक आठवड्यांनी जपान्यांनाच मागे सरावं लागलं. याच मेसर्व्हींचं मुख्यालय १९४२ च्या मे महिन्यात लिबियाच्या वाळवंटात जर्मनांनी पकडलं होतं. तेव्हा त्यांनी हुद्द्याच्या खुणा काढून टाकल्या, अर्दली असल्याचं भासवलं आणि निसटले.

म्हणून मुख्यालयातल्या प्रत्येकाला, स्वयंपाक्यालाही, आपला मोर्चा कुठला आणि मारा कुठल्या दिशेला हे ठाऊक पाहिजे. मुलाला पत्र किंवा फोन कराल तेव्हा एवढंच विचारा, तुझा मोर्चा तू स्वतः खणलास का? हो म्हणाला तर त्याचा कमांडर जागा आहे.

कमांडरने मागे नकाशापाशी बसावं की पुढे जावं?

जिथून सगळ्यात महत्त्वाचा निर्णय घ्यावा लागणार आहे तिथे. बचावात हा निर्णय बहुतेक वेळा एकच असतो, राखीव दल कधी आणि कुठे सोडायचं. ते जिथून दिसेल किंवा कळेल तिथे त्याने असावं.

योजना कशी बनते? सगळं कमांडरच्या डोक्यातून येतं का?

नाही, आणि येऊ नये.

आपल्या फौजेत अप्रिसिएशन हा शब्द कानावर पडेल. त्याचा अर्थ कौतुक नव्हे, परिस्थितीचा रीतसर विचार. आधी उद्दिष्ट एका वाक्यात. इथेच निम्मे लोक घसरतात, कारण एका वाक्यात दोन उद्दिष्टं कोंबतात. मग जमीन, शत्रूचं आणि आपलं बळ, वेळ आणि अंतर, हवामान. प्रत्येक मुद्द्यावर एक प्रश्न विचारायचा, म्हणजे काय? नदीला पाणी आहे, म्हणजे काय? रणगाडे दोनच जागी उतरतील, म्हणजे काय? आपल्या रणगाडाभेदी तोफा त्या दोन जागांवर रोखलेल्या हव्यात. ‘म्हणजे काय’ पर्यंत न पोचलेली माहिती पुस्तकात शोभते, योजनेत नाही.

त्यानंतर शत्रू काय काय करू शकतो. त्यातलं सगळ्यात संभवनीय कोणतं आणि सगळ्यात घातक कोणतं, हे दोन्ही वेगळे लिहायचे. मग आपल्यापुढचे मार्ग, त्यांची तुलना, आणि निवड. अमेरिकी फौज हीच वाट सात पायऱ्यांत मांडते : काम हाती घेणं, कामाची फोड, मार्ग तयार करणं, ते पारखून बघणं, तुलना, मंजुरी, आणि हुकूम लिहिणं. पारखण्याच्या पायरीला मला फार किंमत वाटते. एक अधिकारी शत्रूची बाजू घेऊन बसतो आणि आपली योजना फोडायचा मनापासून प्रयत्न करतो. तो भिडस्त असला की सगळ्यांचं नुकसान.

हुकूम पाच भागांत येतो. परिस्थिती, काम, काम कसं करायचं, रसद, आणि हुकमत-संपर्क. पाचवा भाग आमचा, म्हणून तो नेहमी शेवटी आणि घाईत वाचला जायचा. त्याची खंत आजही आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. वेळेचा तिसरा हिस्सा वरच्याने वापरावा आणि दोन हिस्से खालच्यांना द्यावेत असा दंडक आहे. तो पाळला जाताना मी कमी वेळा पाहिला. एका सरावात आमच्या मुख्यालयाने हुकूम फार देखणा लिहिला. नकाशे रंगवले, परिशिष्टं जोडली, एक शब्द बदलण्यासाठी तास घातला. तो बटालियनना मिळाला तेव्हा सूर्य मावळत होता. तिथून कंपनी, कंपनीतून प्लाटून, प्लाटूनमधून सेक्शन. खणायला सुरुवात झाली मध्यरात्रीनंतर, आणि जमीन माळव्यासारखीच, वरून काळी आणि उन्हाने दगड झालेली. पहाटेच्या स्टँड-टूला, म्हणजे सगळे शस्त्रं घेऊन आपापल्या मोर्च्यात सज्ज होतात त्या वेळी, मी लाइन तपासत पुढे गेलो तर मोर्चे गुडघाभर खोल. एक जवान त्या खड्ड्यात पालथा पडून होता, कारण बसलं तर डोकं वर निघत होतं. सराव होता म्हणून निभावलं. त्याच्या तळहातांवरचे फोड मला अजून दिसतात. मुख्यालयाने खर्च केलेला प्रत्येक तास त्या हातांतून वजा झाला होता.

यावर उपाय जुना आहे. वॉर्निंग ऑर्डर. योजना पुरी व्हायच्या आधीच खाली कळवायचं : बचावाची तयारी, अमुक टेकडी, अमुक वेळेच्या आत, फावडी-कुदळी घेऊन निघा. बाकीचं मागून येईल.

लढाई सुरू झाली की योजना बिघडतेच. मग एवढा खटाटोप कशाला?

कारण ती करताना जमीन पाठ होते, शेजारी ओळखीचे होतात आणि कमांडरचा हेतू सगळ्यांना समजतो. संपर्क तुटतो तेव्हा हा हेतूच उरतो. मी तारवाला आहे, तार तुटते हे छातीवर हात ठेवून सांगतो. तोफगोळ्याने तुटते, आपल्याच रणगाड्याच्या पट्ट्याखाली तुटते, गुरं चावतात. तुटलेली लाइन जोडेपर्यंतच्या अर्ध्या तासात त्या टेकडीवरच्या सुभेदाराला ‘टेकडी धरायची’ एवढंच माहीत असेल, तर पूल पडला तरी तो टेकडी धरून बसेल. ‘पूल शाबूत राहावा म्हणून टेकडी धरायची’ हे माहीत असेल तर काय करायचं ते त्याचं त्याला सुचेल.

तीनास एक हे प्रमाण खरं आहे का?

तयारीने बसलेल्या बचावावर हल्ला करायचा तर तिप्पट बळ हवं, हा ढोबळ ठोकताळा आहे. डोंगरात त्याहून बरंच जास्त. पण हे प्रमाण हल्ला होतो त्या जागेपुरतं असतं, सगळ्या आघाडीचं नव्हे. हल्ला करणारा एका ठिकाणी दहापट गोळा करून येऊ शकतो, म्हणूनच राखीव दल लागतं.

पानिपतावर आपली फौज खंदक खणून बसली, तो बचाव होता की चूक?

मराठी घरात हा प्रश्न विचारताना आवाज बदलतो. माझाही बदलतो.

सदाशिवरावभाऊंची छावणी खंदक आणि तोफांनी भक्कम केलेली होती आणि १७६० च्या शेवटच्या महिन्यांत अब्दालीने ती सरळ हल्ला करून घ्यायचा प्रयत्न केला नाही. म्हणजे बचाव म्हणून ती जागा टिकत होती. बिघडलं ते रसदीत. अब्दालीने दिल्लीकडची वाट अडवली होती, छावणीत लढणाऱ्यांबरोबर बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे होते, आणि अब्दालीची रसद तोडू पाहणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. त्यानंतर वेळ कोणाच्या बाजूने धावतोय हे उघड झालं. १४ जानेवारी १७६१ ला उपाशी माणसं आणि उपाशी घोडी खंदकाबाहेर पडली.

बचावाला बसायच्या आधी एक हिशेब मांडावाच लागतो : इथे बसलो तर दिवसागणिक आपण वाढतो की समोरचा? भरतपूरच्या किल्ल्यात तो हिशेब बरोबर होता. १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत इंग्रजांच्या लॉर्ड लेकने चार वेळा हल्ले चढवले. मातीचा रुंद तट तोफगोळे गिळत राहिला, पडलेली भगदाडं आतले लोक बुजवत राहिले, आणि यशवंतराव होळकरांचं घोडदळ बाहेर मोकळं फिरत वेढा घालणाऱ्यांना सतावत राहिलं. चारही हल्ले फसले, इंग्रजांचे ३००० हून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले, आणि वेढा उठला. आत अचल तट, बाहेर फिरती फौज. पानिपतावर बाहेरची बाजू उरली नव्हती.

माघार घेणं हाही बचावाचाच भाग आहे का?

आहे, आणि सगळ्यात अवघड भाग. शत्रू अंगाशी असताना मागे सरायचं, पण धावायचं नाही. एक तुकडी थांबून रोखते, दुसरी मागे जाऊन जागा घेते, मग अदलाबदल. १८०४ च्या पावसाळ्यात इंग्रजांच्या कर्नल मॉन्सनची फौज यशवंतरावांपुढून मुकुंदरा खिंडीतून आग्र्याकडे निघाली तेव्हा नद्यांना पूर, तोफा चिखलात, अन्न नाही, आणि मागे मराठी घोडदळ. तोफा निकामी करून टाकून द्याव्या लागल्या आणि आग्र्याला पोचेपर्यंत फौज फौज राहिली नव्हती. वाट, पूल, पाऊस यांचा विचार माघारीचा हुकूम द्यायच्या आधी व्हायला हवा.

ड्रोनच्या काळात खंदक आणि कमांड पोस्ट उपयोगाचे राहिले का?

युक्रेनमधली छायाचित्रं बघा, मैलोनमैल खंदकच आहेत. फरक पडला तो वरून झाकण्यात, पांगण्यात आणि मुख्यालयाच्या आकारात. मोठं मुख्यालय म्हणजे दहा-वीस अँटेना, गाड्यांची रांग, जनरेटरची ऊब. रेडिओ बोलला की दिशा कळते. २०२२ मध्ये खेरसोनजवळच्या चोर्नोबायिव्का विमानतळावर रशियन सैन्य पुन्हा पुन्हा येऊन बसलं आणि पुन्हा पुन्हा मारा खात राहिलं. म्हणून आता मुख्यालयं लहान, विभागलेली आणि वारंवार जागा बदलणारी हवीत, अँटेना माणसांपासून दूर हवा. आणि माझ्यासारख्याला समाधान वाटेल अशी गोष्ट म्हणजे जमिनीत पुरलेली तार आणि निरोप्या यांची किंमत पुन्हा वाढली आहे.

महूत हे शिकवतात का? बघायला मिळेल का?

आर्मी वॉर कॉलेजात मेजरपासून कर्नलपर्यंतच्या अधिकाऱ्यांचे अभ्यासक्रम चालतात. इन्फन्ट्री स्कूल आणि सिग्नल्सचं कॉलेजही तिथेच आहे. या संस्थांत सहज जाता येत नाही. इन्फन्ट्री म्युझियम मात्र जरूर बघा, ओळखपत्र जवळ ठेवा, आणि वेळ आधी विचारून घ्या. परतताना बाबासाहेबांच्या जन्मस्थळी थांबा. त्यांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते आणि फौजेच्या शाळेत शिकवत असत.

एसएसबीच्या, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचणीतल्या, ग्रुप प्लॅनिंगमध्ये यातलं काय उपयोगी पडेल?

भोपाळला जाणाऱ्या मुलांचा हा नेहमीचा प्रश्न. समोर मातीचा नकाशा असतो, गोष्ट वाचून दाखवतात, त्यात एकाच वेळी चार-पाच संकटं असतात : पूल तोडायला निघालेले लोक, जखमी माणूस, रुळांवर काहीतरी. आधी स्वतः लिहायचं, मग गटात बोलून एक योजना ठरवायची. मुलं संकटं सोडवायला धावतात. तुम्ही आधी घड्याळाचे आकडे लिहा. किती वाजले आहेत, कोणतं संकट किती वाजता हाताबाहेर जाईल, जीप तिथे किती मिनिटांत पोचते. मग माणसं वाटा, आणि एक-दोन जण हाताशी ठेवून द्या.

आमच्या अंगणात रविवारी सकाळी पोरं विटांचा चुरा, रांगोळी आणि काडेपेट्या घेऊन असा नकाशा मांडतात. मागच्या खेपेला एका मुलीने आपली सगळी माणसं पुलावर पाठवली. शेजारचा मुलगा शत्रू झाला होता, तो पुलाकडे फिरकलाच नाही. ती बराच वेळ नकाशाकडे बघत बसली, मग रांगोळीची डबी उचलून म्हणाली, काका, पुन्हा मांडते, आणि या वेळी दोन काड्या हातात ठेवते.